पैठणीखाली बूट घातले तर चालतं का?

गोदाकाठची | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात दोन दिवस अबोला चालू आहे, म्हणून इथे टाकते.

गेल्या महिन्यात पुतण्याचं लग्न झालं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. लॉन्स म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. पार्किंगपासून कमानीपर्यंत खडी, पुढे ओलं गवत, त्यावर अंथरलेलं हिरवं कार्पेट. मी पैठणीवर अडीच इंची टाचेची सोनेरी सँडल घातली होती. दर चार पावलांनी टाच गवतात रुते आणि मी जवळ दिसेल त्याचा दंड धरी. अक्षता पडेपर्यंत डाव्या पायाची करंगळी बधिर झाली होती. जेवणाच्या वेळी सँडल टेबलाखाली सरकवली आणि पाठवणीला सरळ अनवाणी उभी राहिले. लोकांना वाटलं काकूंना गहिवरून आलंय. आलं होतं, पण कारण वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. दहा-बारा पावलं टाकली की कमी होते. दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. महिना झाला, रोजचंच झालंय.

शेवटी गेल्या आठवड्यात जाऊन काळे, जाड तळव्याचे शूज घेऊन आले. मी बँकेत आहे, दिवसभर उठबस असते. ऑफिसला ड्रेसवर तेच घालते आणि मला कुणाचं काही वाटत नाही. मुलगी म्हणते, "आई, हे पोस्टमनचे बूट आहेत." पोस्टमन दिवसभर चालतो, त्याला कळतच असेल ना, असं म्हटल्यावर विषय आणखी चिघळला.

आता पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, तेही येवल्यात. येवल्याच्या लग्नात पैठणी नेसली नाही तर लोक आजारी आहात का विचारतात. मुलीने जाहीर केलंय की पैठणीखाली ते बूट घालणार असशील तर मी वेगळ्या गाडीने येईन.

कुणी घातलेत का असे? खरं सांगा.

---

कमी_तिखट_मिसळ | रविवार, रात्री १०:३०

घाला बिनधास्त. माझी एक काळी रबरी चप्पल आहे, इतकी कुरूप की रामकुंडावर, काळारामाच्या दारात, कुठेही सोडून जातो. चार वर्षं झाली, कुणी ढुंकून बघितलं नाही. त्याच काळात बायकोचे तीन जोड गेले.

---

निफाडची_द्राक्षं | रविवार, रात्री ११:०५

ताई, मी घातलेत. दिसण्यापेक्षा वेगळीच अडचण येते, ती सांगते. तुमच्या साडीची उंची टाचेच्या हिशेबाने ठरलेली असते. सपाट बूट घातले की काठ जमिनीला लोळतो, पायात येतो, आणि पैठणीचा जरीकाठ एकदा घासला की संपला. म्हणून आधी बूट घाला, मग साडी नेसा. पहिला फेरा खोचतानाच एक-दीड इंच वर घ्या. निऱ्या घातल्यावर वर ओढायला गेलं की घोळ बिघडतो आणि पोट दिसतं. काठ बुटाच्या टोकाला नुसता टेकला पाहिजे, इतकंच.

बसल्यावर मात्र बूट दिसतात. मग पाय मागे घेऊन बसायचं. आमच्या आत्याबाई सगळं आयुष्य तशाच बसल्या, आणि त्या तर चपलाच घालायच्या.

---

तळपाय | सोमवार, सकाळी ७:५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय बघितल्याशिवाय निदान सांगत नाही, पण सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत कळ आणि थोडं चालल्यावर आराम, हे वर्णन आमच्याकडे रोज येतं. तळपायात टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटार फॅशिया. तो टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे दुखावला की असं होतं. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, सकाळी त्यावर एकदम वजन येतं आणि पट्टा ताणला जातो. अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या, नुसत्या इथल्या उत्तरांवर विसंबू नका.

आता बुटांबद्दल. इथे बहुतेकांचा एक समज असतो की मऊ म्हणजे आरामाचं. दुकानात अंगठ्याने दाबून बघतात, "वा, काय गादी आहे!" गादीवर झोपायचं असतं. फार मऊ तळव्यात टाच डगमगते आणि ती सावरायला पोटरी दिवसभर राबते. दुकानात तीन गोष्टी करून बघा. टाचेमागची भिंत दोन बोटांनी चिमटा, ती लगेच चेपली तर तो बूट राहू द्या. पुढून-मागून धरून वाकवा, बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधेच घडी पडता कामा नये. आणि ओला कपडा पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर त्यात पायाला आधार काही नाही.

आणि हो, वर्षानुवर्षं उंच टाच घातलेली असेल तर एका दिवसात एकदम सपाटवर येऊ नका. टाच उचललेली राहून पोटरीचा स्नायू आखडलेला असतो, सपाटवर तो ताणला जातो आणि दुखणं उलट वाढतं. मग बायका म्हणतात, "बघा, मला हीलच सोसते!" मधे काही आठवडे इंचभर टाचेचं काहीतरी घाला. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटवून अर्धा मिनिट थांबायचं, दिवसातून तीन-चारदा. पलंगावरून उतरायच्या आधी पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरा. याला पैसे पडत नाहीत म्हणून कुणी करत नाही.

घरात काय घालता?

---

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ९:१५

घरात? घरात काय घालणार? सासूबाई आहेत घरात.

---

तळपाय | सोमवार, सकाळी ९:२२

तेच तर. कडक टाइल्सवर सकाळी सहापासून ओट्यापाशी अनवाणी, आणि मग म्हणायचं बुटांमुळे दुखतं. नवा, बाहेरची माती न लागलेला जोड फक्त घरासाठी ठेवा, देवघरापाशी काढा. माझ्या एका पेशंटच्या सासूबाई म्हणाल्या, घरात चप्पल चालणार नाही. मी त्यांनाच एक जोड घालून ओट्यापाशी पंधरा मिनिटं उभं राहायला सांगितलं. आता त्या काढत नाहीत.

---

पंचवटीने_रोज | सोमवार, दुपारी १:४०

अकरा वर्षं पासवर मुंबईला जातोय. सातच्या सुमाराला नाशिकरोड, रात्री घरी. जिने, फलाट, मुंबईत उतरल्यावर पुन्हा लोकलची पळापळ. आमच्या डब्यातल्या महिला मंडळींची पद्धत सांगतो. पायात स्पोर्ट्स शूज, बॅगेत ऑफिसच्या बेलीज. ऑफिसच्या लिफ्टमध्ये अदलाबदल. पुरुषांनी हे का करू नये, असं वाटून मीही चामडी बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. पायाला दिवसातले पाच-सहा तास तरी सुटका मिळते.

---

कॉलेजरोड_२६ | सोमवार, दुपारी ३:०२

मला इथे कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी असं वाटतंय.

मी सव्वीस वर्षांची आहे, सेल्समध्ये आहे. गोदाकाठची काकू, तुमची नोकरी पक्की आहे, वय आणि मान आहे. तुम्ही पोस्टमनचे बूट घातलेत तर लोक म्हणतील "मॅडम प्रॅक्टिकल आहेत." मी घातले तर म्हणतील "हिला काही सेन्स नाही." पहिल्या इंटरव्ह्यूला मी सपाट चप्पल घालून गेले होते, पाऊस होता म्हणून. समोरच्या बाईंनी आधी माझे पाय बघितले, मग माझा बायोडेटा. नोकरी मिळाली नाही, कारण तेच होतं असं म्हणत नाही, पण ती नजर मी विसरलेले नाही.

शिवाय मला हील्स आवडतात. कुणासाठी म्हणून नाही. त्या घातल्या की मी वेगळी चालते. "आराम की फॅशन" असं विचारलं की फॅशनवाला आपोआप मूर्ख ठरतो, ते मला मान्य नाही.

---

गोदाकाठची | सोमवार, रात्री ८:४५

@कॉलेजरोड_२६, बरोबर बोललीस गं. वयाचं तर अगदीच. तुझ्या वयात मीही शालिमारहून घेतलेल्या टोकदार सँडल घालून सीबीएसला बस पकडायला धावलेय. कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. तुला मी सांगत नाहीये काही. माझी मुलगी मात्र मला सांगतेय, तिथे घोडं अडलंय.

---

सातपूर_टूलरूम | सोमवार, रात्री ११:१८

सेकंड शिफ्ट संपवून आलो, धागा वाचला. सगळे मऊ-कडक, उंच-सपाट बोलताहेत. माप कुणी बोलत नाहीये. आमच्या धंद्यात जॉब बसत नसेल तर आधी माप घेतात, मग जॉबला शिव्या देतात.

मी स्टीलच्या टोकाचे सेफ्टी शूज रोज साडेआठ तास घालतो. कंपनी विचारते, "सात, आठ की नऊ?" म्हणजे फक्त लांबी. रुंदी कुणी विचारत नाही. आमच्याकडे शॉपफ्लोअरवर आता मुलीही आहेत, त्यांना पुरुषांचाच लहान नंबर देतात. टाचेत सैल, पुढे स्टील करंगळीवर. दोन-दोन मोजे घालून बिचाऱ्या दिवस काढतात.

यूके नंबरच्या दोन आकड्यांत एक तृतीयांश इंचाचा फरक असतो, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. टूलरूममध्ये एवढा फरक म्हणजे जॉब भंगारात. अर्धे नंबर आपल्याकडे फार थोड्या दुकानांत मिळतात. म्हणजे ज्याचा पाय मधोमध आहे त्याने एकतर चेंगरून घ्यायचं, नाहीतर टाच फटक-फटक करत चालायचं. युरोपियन नंबरात एक घर पावणेसात मिलिमीटरच्या आतबाहेर, ते जरा बरं. आणि ही सगळी मापं तिकडच्या पायांवरून आलेली. चेन्नईच्या सीएलआरआय या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय सरासरीने जास्त रुंद निघाले. त्यावरून भारतासाठी वेगळी नंबरपद्धत सुचवली आहे, नाव 'भ'. दुकानात येईल तेव्हा येईल.

तोवर हे करा. संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. जाड कागद जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा. बसून नको, वजन पडलं की पाय पसरतो. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून कड काढायला सांगा, स्वतः वाकलात तर वजन सरकतं. दोन्ही पाय काढा. मग कात्रीने कापा आणि तो कागदाचा पाय आपल्या चपलेवर ठेवा. बुटाचं असेल तर आतलं सोल बाहेर काढून त्यावर ठेवा.

मग सांगा इथे काय दिसलं ते. मी बायकोच्या जोडांवर व्हर्नियर लावून बसलो होतो, ती म्हणाली घटस्फोटाच्या अर्जात हेच लिहीन.

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ९:३०

केलं.

जाड कागद म्हणून कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान घेतलं. ह्यांनी पेन्सिल धरली. गुदगुल्या होतात हे कुणी लिहिलं नव्हतं. कापला, आणि आधी ती लग्नातली सोनेरी सँडल काढली.

मंडळी, लांबीला पाय बरोबर बसला, अगदी बोटभर जागा सोडून. पण चवड्याशी कागद दोन्ही बाजूंनी बाहेर! करंगळी अख्खी सँडलच्या बाहेर लटकतेय. एकादशी आणि संकष्टी हवेत. पट्टीने मोजलं, माझा पाय चवड्याशी ९८ मिलिमीटर, सँडल ७९. म्हणजे वीस वर्षं मी ही करंगळी रोज कुठे ठेवत होते?

मग ते नवे "पोस्टमनचे बूट". आतलं सोल काढलं. ८८! मीही लांबीचाच नंबर सांगून घेतले होते. म्हणजे हे दिसायला गबाळे आहेत खरे, पण तरीही घट्टच. रुंदी सगळी बाहेरून, रबराची.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, माझाही काढ.

---

सातपूर_टूलरूम | मंगळवार, रात्री ११:४०

सोलवर थोडा फरक चालतो, वरचं मटेरियल पायाबरोबर सैल पडतं. पण दहा जास्त आहे आणि एकोणीस म्हणजे छळ. दुकानात कागद खिशात घेऊनच जा.

---

आबा_इंदिरानगर | बुधवार, सकाळी ६:१०

एवढं मोजमाप कशाला? कोल्हापुरी घाला. पायाचा जसा आकार तशी ती होते. बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावलेलं चामडं, त्याला उपमा नाही. नवी असताना लागते, मान्य. तेल लावून दोन रात्री ठेवावी, आठवडाभर घरातल्या घरात वापरावी, मग बारा महिन्यांची सोबत. बारा नव्हे, आठ. पावसाळ्यात माळ्यावर.

२०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशीच चप्पल उतरवली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. इथे आमच्या सोसायटीतले लोक मला म्हणायचे, आबा, जरा बरी चप्पल घाला. आता तेच विचारतात कुठून घेतली.

आणि वारीचं सांगतो. निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून दोनदा गेलो आहे. जवळजवळ महिनाभर चाल. वारीत नवं पायताण घालून येतो तो पहिल्या दोन मुक्कामांत फोड घेऊन ट्रकमध्ये बसतो. जुनं, मळलेलं, पायाला ओळखणारं असेल ते घालावं, मग ते कशाचंही असो.

---

तळपाय | बुधवार, सकाळी ८:०५

आबा, कोल्हापुरीची रुंदी मला पसंत आहे, बोटांना मोकळीक मिळते. पण तळवा कडक आणि टाचेला मागे पट्टा नाही, त्यामुळे ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळली जातात. टाच दुखत असताना नको. दुखणं गेल्यावर खुशाल.

एक गोष्ट मात्र ठळक लिहिते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी "लागतं का" या प्रश्नावर जाऊ नये. पायाची संवेदना कमी झाली की लागलेलं कळतच नाही, आणि साध्या फोडाची जखम होते. त्यांनी घरातही अनवाणी फिरू नये, बूट घालण्याआधी आत हात घालून बघावं, रोज रात्री तळवे तपासावेत, आरसा घेऊन. एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या मऊ चपला त्यांच्यासाठीच मिळतात, मागे पट्टा असलेल्या घ्याव्यात. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला अनवाणी जाणाऱ्यांत असे किती असतात, मला दर वर्षी त्यानंतरच्या आठवड्यात कळतं. श्रद्धेवर बोलत नाही. डॉक्टरांना विचारून जा, एवढंच.

---

निफाडची_द्राक्षं | बुधवार, दुपारी २:२०

विषय निघालाच आहे तर, "ठेवणीतले" म्हणून जोड जपू नका. माझे चांगले आरामाचे सँडल तीन वर्षं खोक्यात होते, लग्नकार्यासाठी. घातले आणि कार्यालयाच्या पायऱ्यांवर तळवा पापडासारखा तुटला. मागे काळ्या चुऱ्याची रांग, जिथे जाईन तिथे. वाढपी मुलगा झाडू घेऊन मागे मागे.

---

सातपूर_टूलरूम | बुधवार, रात्री ११:३०

पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळवा. हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, वापरा नाहीतर ठेवा. वापरलेलाच उलट बराच टिकतो. रबराला हा रोग एवढा नाही. रोजच्या वापराला मात्र दोन जोड ठेवा, एक आड एक दिवस. घामाने ओला बूट एका रात्रीत पुरता वाळत नाही.

---

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:५०

वृत्तांत.

काल संध्याकाळी कागदाचे दोन्ही पाय पर्समध्ये घालून मेन रोडला गेले. पहिल्या दुकानात कागद काढल्याबरोबर पोरगा हसला, "मॅडम, साइज सांगा ना." बाहेर पडले. दुसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक म्हातारे काका होते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला, म्हणाले, "पूर्वी आमच्याकडे पाय ठेवायचं माप होतं, मुलांनी काढून टाकलं." मग लेडीजमधले सहा जोड काढले. एकातही कागद मावेना. सातव्याला ते जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "ताई, राग मानू नका, जेंट्समध्ये दाखवू का?"

पुरुषांचा सहा नंबर. तपकिरी, साधा, मागे पट्टा, टाच इंचभर. कागद आत ठेवला, सुरकुती न पडता सपाट बसला. काकांनी खोक्यावरचं "जेंट्स" लिहिलेलं लेबल नखाने काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, असू द्या.

एक तोटा. ह्यांचाही नंबर सहाच आहे. आज सकाळी दूध आणायला माझेच घालून गेले, आणि आल्यावर म्हणतात चांगले आहेत, कितीला पडले?

टाच अजून दुखते, पण पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागत नाही. पोटरीचा ताण रोज देते. सासूबाईंना घरातला जोड आणलाय, देवघराच्या उंबऱ्यापाशी काढून ठेवतात, आणि आम्ही तसाच आत गेलो तर ओरडतात. येवल्याला हेच घालून जाणार. मुलगी कोणत्या गाडीने येणार ते अजून ठरलेलं नाही.

---

कॉलेजरोड_२६ | रविवार, रात्री १०:४०

काकू, मीपण कागद कापला. पाय ९४, ऑफिसच्या हील्स ७६.

हील्स घालणार. पण पुढून चौकोनी टोकाच्या बघतेय.

---

सातपूर_टूलरूम | रविवार, रात्री ११:२५

टाच किती मिलिमीटर?

---

कॉलेजरोड_२६ | रविवार, रात्री ११:२७

दादा, झोपा आता.